मागच्या डाव्या दरवाजाचा कोड

दरवाजा बंद आहे की उघडा, एवढं एकच सांगायचं काम त्या बटणाला असतं. बोटाच्या पेराएवढी वस्तू. पण ते खोटं बोलायला लागलं की अख्खी गाडी बिघडल्यासारखी वागते. आतला दिवा विझत नाही, भोंगा वाजत राहतो, लॉक लागत नाही, आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं कट् होतं. माणूस म्हणतो बॅटरी खराब. नवी बॅटरी टाकतो. तीही चार दिवसांत झोपते. मग माझ्याकडं येतो.

मी मोखाड्याला गाड्यांची वायरिंग करतो. जव्हारला एका गॅरेजात शिकलो, मग इथं रस्त्याला लागून टपरी टाकली. शाळा चौथीपर्यंत. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं की लिहा, म्हणून लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सुधारून घ्यावं, शब्द बदलू नयेत.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. पूर्वीच्या गाड्यांत हे बटण चौकटीत उघडं दिसायचं, फ्रिजच्या दरवाजात असतं तसं. दरवाजा उघडला की बटण बाहेर येतं, त्याची वायर गाडीच्या पत्र्याला टेकते आणि दिवा लागतो. दरवाजा लावला की बटण आत दाबलं जातं, वायर पत्र्यापासून सुटते, दिवा विझतो. वायर पत्र्याला टेकली म्हणजे उघडा, सुटली म्हणजे बंद. यापलीकडं त्यात काही नाही.

एवढ्या साध्या वस्तूचेही लोक काय काय करतात. आपल्याकडं काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसतो. ड्रायव्हर मधोमध, त्याच्या मांडीला मांडी लावून दोघं, आणि उजवीकडचा अर्धा बाहेर. दरवाजा पुरता लागतच नाही. गाडी नवी असली की भोंगा बोंबलतो. असाच एक जव्हारचा ड्रायव्हर आला.

“काका, गाडी लय बोंबलते. तिचं तोंड बंद करा.”

“आणि दरवाजा उघडाच राहिला तर कोण बोंबलेल?”

“पॅसेंजर बोंबलतील ना.”

मी हसलो, आणि काडेपेटीची काडी खोचून बटण कायमचं दाबून दिलं. आज तसं करणार नाही. त्या जीपचं काही वाईट झालं नाही, पण ते माझ्या हुशारीनं नाही.

दुसरा एक ठेकेदार. त्याच्या गाडीतला दिवा आपोआप लागायचा, आपोआप विझायचा. शिरपामाळला पाहुण्यांना घेऊन गेला असताना चालू गाडीत लागला, तेव्हापासून त्याची बायको गाडीत बसेना. भगताला बोलावून झालं होतं, पुढच्या काचेखाली नारळ बांधलेला होता. मी बटण बाहेर काढलं. भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं तर आतून अळ्या निघाल्या. म्हटलं, हे घ्या भुताचं बिऱ्हाड. तो म्हणाला, “मिस्त्री, भगताला सांगू नका. त्याला वाईट वाटेल.”

नव्या गाड्यांत हे दिसतं-हाताळता येतं असलं काही राहिलं नाही. बटण गेलं लॉकच्या पोटात, आणि वायर जाते कॉम्प्युटरला. दरवाजा उघडा आहे असं कॉम्प्युटरला वाटलं की तो जागा राहतो आणि बॅटरी खात बसतो. त्याला काय वाटतं हे बघायला स्कॅनर लागतो. मोबाइलपेक्षा जरा मोठं यंत्र. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो, त्यात त्याची वायर खोचायची. मग पडद्यावर एक इंग्रजी अक्षर येतं, पुढं आकडे, खाली इंग्रजीत एक ओळ. याला कोड म्हणतात. कोड गाव सांगतो, घर सांगत नाही. दरवाजाच्या बटणाचा कोड आला म्हणजे बटणच गेलं असं नसतं. बटणापासून कॉम्प्युटरपर्यंतच्या रस्त्यात कुठंतरी गडबड आहे, एवढंच. पण पडद्यावर ‘स्विच’ शब्द दिसला की निम्मे मेकॅनिक स्विच बदलून मोकळे होतात.

हे मला कोणी शिकवलं नाही. मी आणि माझ्या बायकोनं मिळून शोधलं. यमुना दहावी झालेली होती, अंगणवाडीत होती. अंगणवाडी सुटली की डबा घेऊन दुकानात यायची. मला इंग्रजी येत नाही. ती ओळ वाचायची, अडलं तर डिक्शनरी काढायची, आणि मी दरवाजाचं कव्हर उघडायचो. ती म्हणायची, “काय दुखतं ते मी विचारते, कुठं दुखतं ते तुम्ही बघा.” अशा आम्ही दोघांनी कितीतरी गाड्या दुरुस्त करून काढल्या. नाशिकला न जमून परत आलेल्या पण काढल्या. हे बढाई म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आजाराचं इथं लिहीत नाही, गाडीच्या लेखात ते नको.

त्यानंतर मी स्कॅनर खोक्यात घातला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. दिवे, हॉर्न, स्टार्टर, एवढंच बघायचो. कोडची गाडी आली की सांगायचो, आपल्याला ते येत नाही, नाशिकला जा. येत होतं. पण यंत्र हातात घेतलं की ते वाचायला शेजारी कोणी नाही हे पुन्हा कळायचं, आणि दिवसभर हाताला काम सुधरायचं नाही. म्हणून मी माणसं परत पिटाळली. त्यातले एक पोशेऱ्याचे गुरुजी.

गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. नाव नको म्हणाले, म्हणून नाव लिहीत नाही. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर घर. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यात दोनदा नाशिकला न्यायचं, तिथं चार तास यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, परत आणायचं. एक खेप चुकली तर अंगात पाणी साचतं. दोन चुकल्या तर श्वास घेता येत नाही. गाडी त्यांनी त्यासाठीच घेतली होती. माझ्याकडं पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात. म्हणाले, बॅटरी उतरते, दरवाजा उघडा असल्याची लाल खूण दिसते. मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हटलं, येत नाही मला, नाशिकला जा.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा ते परत आले. नाशिकच्या एका वर्कशॉपनं मागच्या डाव्या दरवाजाचं बटण लॉकसकट बदललं होतं. दोनदा. गाडी त्यांच्याकडं उभी असली की काही होत नाही, घरी आणली की चार दिवसांत पुन्हा मेली. आता ते म्हणत होते, कॉम्प्युटर बदलायचा, गाडी आठ दिवस ठेवा.

“आणि बाई?” मी विचारलं.

“दोन खेपा तर गाडीमुळं चुकल्याच आहेत. दुसऱ्या वेळी हिला आडवं पडता येईना. पाठीला गाठोडी लावून बसवून ठेवलं.” गुरुजी खाली बघत म्हणाले. “आठ दिवस गाडी दिली तर अजून दोन चुकतील. ते होणार नाही तिच्यानं.”

“दुसरी गाडी करा तेवढ्यापुरती.”

“केली होती. पाड्याच्या रस्त्याला येत नाही कोणी. आलाच तर हिला आत घेता येत नाही. हिची बसायची पद्धत वेगळी आहे.”

काय वेगळी, हे मी तिथंच विचारायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात त्या दोन खेपा घुमत होत्या. उन्हाळ्यातच मी ही गाडी बघितली असती तर त्या चुकल्या नसत्या. मी स्टूल घेतलं आणि फळीवरून खोकं काढलं.

स्कॅनर लावला. ओळ आली. मी गुरुजींच्या पुढं धरला. “वाचा.”

त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला. आधी अक्षर, मग एकेक आकडा. मग, “रिअर. लेफ्ट. डोअर. स्विच. सर्किट. म्हणजे पाठीमागचा डावा दरवाजा, त्याचं बटण, आणि सर्किट म्हणजे फेरा. वर्तुळ.”

“रस्ता म्हणा.”

“सर्किटचा अर्थ रस्ता होत नाही, मिस्त्री.”

“आमच्याकडं होतो.”

गुरुजींना ते पटलं नाही. त्यांच्याकडून पुढचं वाचून घेतलं. कोड जुना होता, साठवलेला. या घडीला गाडी म्हणत होती की चारही दरवाजे बंद आहेत, सगळं ठीक आहे. म्हणजे दुकानात आली की शहाणी, पाड्यावर गेली की वेडी. असा बिघाड सगळ्यात वाईट. चोर समोर असल्याशिवाय पकडता येत नाही.

गाडी मात्र लखलखीत होती. धुतलेली, पुसलेली, पायपुसण्या झटकलेल्या. पाड्याच्या रस्त्यावरची गाडी अशी नसते.

“एवढी धुऊन का आणली?”

“मळकी गाडी कशी आणायची कोणाच्या दारात?”

“डॉक्टरकडं जाताना पावडर लावून जाता का?”

दरवाजा उघडून बसलो. दरवाजा आणि चौकट यांच्यामध्ये रबराची एक सुरकुतलेली नळी असते, वायरी तिच्यातून दरवाजात जातात. नळी जागेवर होती. तिच्या खाली लोखंडाची पट्टी. दरवाजा एका हद्दीच्या पुढं उघडू नये म्हणून ती असते, चौकटीला एका बोल्टनं बसवलेली. बाकीच्या तीन दरवाजांच्या बोल्टवर कंपनीचा रंग तसाच होता. याच्या डोक्याचे कोपरे घासून पांढरे पडले होते.

“हा कोणी खोलला?”

“नाशिकला खोलला असेल.”

“बटण बदलायला हा खोलावा लागत नाही.”

गुरुजी वाकून पायपुसणी सरळ करायला लागले.

“गुरुजी, मी चौथी शिकलेला माणूस. पण पाना लागलेला बोल्ट मला वाचता येतो. आणि हा एकदा खोललेला नाही, पन्नासदा खोललाय.”

जन्मभर पोरांना उभं करून विचारणारा माणूस, स्वतः हात मागं बांधून उभा राहिला. मग म्हणाले, “मीच खोलतो. दर खेपेला. नाशिकला वर्कशॉपमध्ये न्यायच्या आधी परत लावतो. इथं यायच्या आधीही लावला.”

“आणि त्यांना सांगत नाही.”

“वॉरंटी गेली म्हणाले असते. आणि का खोलता असं विचारलं असतं. मग हिला आत कसं घेतो ते सगळं सांगावं लागलं असतं, तिथल्या पोरांपुढं. तिला ते आवडलं नसतं.”

“तुम्ही खरं सांगितलं असतं तर दोन बटणं वाया गेली नसती.”

“आणि तुम्ही, मिस्त्री? उन्हाळ्यात म्हणालात येत नाही. आता अर्ध्या तासात बोल्टपर्यंत आलात.”

मी म्हटलं, “बायको वाचून दाखवायची. ती गेली.”

“ते मला तेव्हाही माहीत होतं. मोखाड्यात सगळ्यांना माहीत आहे. तरी येत नाही म्हणालात ते खोटंच होतं.”

दुसरं कोणी असं बोललं असतं तर दुकानाबाहेर काढला असता. गुरुजींना काय म्हणणार, खरं होतं.

“नाशिकला कधी जायचंय?” मी विचारलं.

“परवा.”

“मी पाड्यावर येतो. गाडी धुवायची नाही, बोल्ट लावायचा नाही. रोज जशी नेता तशी माझ्यासमोर न्या.”

ठरल्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं पोशेऱ्याला उतरलो आणि चढ चढून गेलो. गाडी जिथपर्यंत जाते तिथं ओढ्याच्या अलीकडं गुरुजींची गाडी उभी होती, चिखलानं माखलेली. बघून बरं वाटलं. तिथून वर पायवाट. थोड्या वेळानं डोली खाली आली. आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो: बांबूला गोधडीची झोळी बांधतात, पुढं एक गडी, मागं एक गडी, मध्ये आजारी माणूस. पुढं गुरुजींचा पुतण्या लहानू होता, मागं शेजारचा एक जण. झोळीत बाई. मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरलेला.

“काकी, धरून बसा, इथं घसरतंय.”

“तू घसरू नको म्हंजे झालं. मी धरलंय.”

डोली गाडीजवळ टेकली. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ह्ये कोन? नवीन डॉक्टर?”

“गाडीचे,” गुरुजी म्हणाले.

“मग गाडीला घाला डोलीत. मी येते मागनं चालत.” लहानू हसला. बाईंनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. “तुमीच का ते, उन्हाळ्यात नको म्हनलेले?”

“मीच.”

“मंग आता का आला?”

“चूक झाली म्हणून.”

“बरं झालं. चूक झाली म्हननारा येक तरी गडी बघायला मिळाला,” असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. गुरुजी पाना शोधत होते.

मग मी ते बघितलं, जे ते दर खेपेला करत होते. बाईंच्या कमरेचं हाड मोडलेलं, त्यांना वाकता येत नाही, बसल्या बसल्या सरकता येतं. गुरुजींनी पट्टीचा बोल्ट खोलला. दरवाजा पुढं रेटला, हद्दीच्या पलीकडं, पुढच्या दरवाजाला टेकेपर्यंत, आणि सुतळीनं बांधून टाकला. सीटवरून बाहेर एक सागाची फळी ठेवली, तिच्या बाहेरच्या टोकाखाली दगड. लहानूनं आणि दुसऱ्यानं बाईंना उचलून फळीवर बसवलं, आणि गुरुजी आतून खांद्याला धरून एकेक वीत ओढत राहिले. मध्ये एकदा दुखलं असावं. त्या डोळे मिटून थांबल्या. गुरुजीही थांबले. मग बाईंनी मान हलवली आणि परत सरकल्या. दरवाजा नेहमीएवढाच उघडा असता तर हे होणं शक्य नव्हतं.

मी मात्र बिजागरीजवळ उकिडवा बसून रबराच्या नळीकडं बघत होतो. दरवाजा तसा रेटला तेव्हाच नळीचं टोक चौकटीतल्या भोकातून उपटून बाहेर आलं होतं. आतल्या वायरी ताणून भोकाच्या पत्र्यावर बसल्या होत्या. बाई आत गेल्यावर गुरुजींनी सुतळी सोडून दरवाजा लावला. नळी परत आत गेली नाही. पुढं स्टिअरिंगमागं बघितलं, लाल खूण पेटलेली.

“ही तर रोजची आहे,” गुरुजी म्हणाले. “नाशिकला म्हणाले, बटणाचा दोष आहे, लक्ष देऊ नका.”

दरवाजा जरासा उघडला, लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केलं, म्हणजे बटणापुरता दरवाजा लागलेला, आणि वायरी बाहेर ओढल्या. एक हिरवी वायर, तिच्यावरचं प्लॅस्टिक पत्र्यानं खाल्लेलं, आणि तिथं नाचणीच्या दाण्याएवढं तांबं उघडं. मी ती बोटानं पत्र्याला टेकवली, खूण लागली. उचलली, विझली. टेकवली, लागली. वायर पत्र्याला टेकली म्हणजे दरवाजा उघडा, कॉम्प्युटरला एवढंच कळतं. बटण पहिल्या दिवसापासून धड होतं. वर्कशॉपला नेताना गुरुजी बोल्ट लावायचे आणि अंगठ्यानं नळी आत दाबून गाडी नीटनेटकी करायचे, की वायर पत्र्यापासून लांब. चोर घरी ठेवून गाडी पोलिसात नेण्यासारखं ते होतं.

“एवढ्यासाठी,” गुरुजी म्हणाले.

आतून बाईंचा आवाज आला. “घावलं का?”

“सापडलं.”

“कोनाची चूक निघाली?”

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं.

“वायरीची,” मी म्हटलं.

“बिचारी,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं.

“म्हणजे आता बोल्ट खोलायचा नाही,” गुरुजी हळूच म्हणाले. “मग हिला आत कसं घ्यायचं?”

कायद्यानं तेच सांगायला पाहिजे होतं. जन्मभर मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, गाडी जशी बनवलीय तशी वापरा. पण ती बाई फळीवर डोळे मिटून थांबलेली मी नुकतीच बघितली होती. वायर एक वीत कमी पडते म्हणून तिनं घरी बसायचं का? वायर वाढवता येते.

“किती वेळ आहे?”

“दहाला तिथं पोचायला हवं. अर्धा तास देऊ शकतो. जास्त नाही.”

बॅटरीची तार सोडली. भोकाची कड कानसीनं गोल घासली, तिच्यावर पाण्याच्या नळीचा तुकडा उभा चिरून बसवला. मग एकेक वायर कापून मध्ये वीतभर नवा तुकडा जोडायला घेतला. एका वेळी एकच कापायची, नाहीतर कुठली कुठं जाते. मला सवय आहे, कापायच्या आधी वायरीचा रंग मोठ्यानं बोलायचा. यमुना ते ऐकून लिहून घ्यायची, म्हणजे शेवटी तपासताना चुकत नाही. त्या दिवशी लिहायला कोणी नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

“हिरवी, काळी पट्टी.”

“हिरवी, काळी पट्टी,” आतून बाई म्हणाल्या. “पुढं?”

माझा हात थांबला. गुरुजींना वाटलं काहीतरी तुटलं. “काय झालं, मिस्त्री?”

“काही नाही.”

“बोला की,” बाई म्हणाल्या. “ध्यानात ठेवते मी. हितं पडून काय करू दुसरं.”

“पिवळी.”

“पिवळी.”

“तपकिरी, पांढरी पट्टी.”

“तपकिरी म्हंजे चॉकलेटी का?”

“चॉकलेटी.”

असं करत सगळ्या वायरी झाल्या. शेवटी तपासताना त्यांनी उलट्या क्रमानं सांगितल्या, एकही चुकली नाही. रबराची नळी लांब वायरीवर सैल चढवली आणि दोन्ही टोकांना बांधली. पट्टीच्या जागी पिशवीतला जुन्या सीट बेल्टचा तुकडा लावला, दरवाजा सपाट उघडेल आणि त्याच्या पुढं जाणार नाही, असा मापून. आता पाना लागायचा नाही, खोलायचंही काही नाही. बॅटरीची तार परत जोडली. दरवाजा सपाट उघडला, लावला. खूण नाही. दहा वेळा केलं. खूण नाही.

जाताना मला मोखाड्याला दुकानापाशी उतरवलं. मी गुरुजींना सांगितलं, “तिकडं चार तास उभी राहू द्या. कोणाच्या बॅटरीची वायर लावून ठेवू नका, मध्ये चालू करून बघू नका. लागेल.”

कामाची मला खात्री होती. बॅटरीची नव्हती. इतक्या वेळा पुरती उतरलेली बॅटरी आतून अर्धी मेलेली असते, तिचं काही सांगता येत नाही. आणि यंत्रावरून उठलेलं माणूस कसं असतं, हे गुरुजींनी वाटेत सांगितलं होतं. अंगात उभं राहायचं बळ नसतं, थंडी वाजते. अशा बाईला घेऊन आजवर त्यांनी कितीदा हॉस्पिटलच्या आवारात, कोणी धक्का देईल का, कोणी वायर लावेल का, म्हणून वाट बघितली होती. मी दुकानात एका ट्रॅक्टरचा हॉर्न उघडून बसलो, पण तीनपर्यंत तो तसाच उघडा राहिला.

सव्वातीनला फोन आला. गुरुजींचा होता. दार लावल्याचा आवाज आला, मग किल्लीचा. मग इंजिन. एका दमात लागलं. तेवढंच ऐकवायला त्यांनी फोन पुढं धरला होता. थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला, बारीक झालेला. “आयकलं ना त्यांनी? मग ठेवा आता. मला भूक लागली हाय.”

त्या दिवशी चारलाच दुकान बंद केलं. घर रस्त्यावरच आहे. कुलूप काढलं आणि दारातूनच बोललो, “चालू झाली गाडी.” दुकानातलं काही चांगलं झालं की मी यमुनाला असंच दारातून सांगायचो.

शेजारच्या वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं. “कोणाची, भाऊ?”

“पोशेऱ्याच्या एका बाईंची. नाशिकहून निघाल्यात.”

“येऊ देत सुखरूप,” वहिनी म्हणाल्या आणि सूप हलवलं.

मी आत गेलो नाही. ओट्यावरच बसलो. वहिनींनी बाईंचं विचारलं, मी सांगितलं. साडेपाचच्या सुमाराला गाडी समोरून गेली. बाई मागं आडव्या होत्या, दिसल्या नाहीत. मागच्या डाव्या काचेला आतून एक तळवा टेकलेला होता, तेवढा दिसला.